ग्रेनाडात वादळ येत नाही? हा समज आधी सोडा

"ग्रेनाडाला बिनधास्त जा, ते चक्रीवादळांच्या पट्ट्याच्या खाली आहे." कॅरिबियन समुद्रातल्या या छोट्या बेटांच्या देशाला निघालेल्यांना हा सल्ला वर्षानुवर्षं मिळत आला आहे. तो चुकीचा आहे.

त्यात तथ्य आहे ते एवढंच: विषुववृत्ताजवळ वादळाला गरगर फिरवणारा पृथ्वीच्या परिवलनाचा परिणाम क्षीण होतो. पण ग्रेनाडा १२ अंश उत्तरेला आहे. तिथे वादळं कमी येतात, येतच नाहीत असं नाही. १९५५ मध्ये जॅनेट नावाचं चक्रीवादळ येऊन गेलं. पुढे जवळपास पन्नास वर्षं तसा थेट तडाखा बसला नाही आणि लोक निर्धास्त झाले. मग ७ सप्टेंबर २००४ ला आयव्हन आलं. सुमारे ९० टक्के घरांची नासधूस झाली, ३९ माणसं गेली. राजधानी सेंट जॉर्जेसमधल्या संसदेच्या जुन्या इमारतीचं छप्पर उडालं, जायफळाच्या बागा उन्मळून पडल्या. क्रिकेटचं स्टेडियम तर २००७ च्या विश्वचषकासाठी नव्याने बांधावं लागलं. १ जुलै २०२४ ला बेरिलने ग्रेनाडाच्याच कॅरियाकू बेटाला गाठलं. वारा ताशी सुमारे २४० किलोमीटर.

जून ते नोव्हेंबरमध्ये जाणार असाल तर विमा तिकिटासोबतच काढा. वादळाला नाव पडल्यावर काढलेल्या विम्यात त्या वादळाचं नुकसान सहसा धरत नाहीत. हॉटेलात पाऊल ठेवताच निवारा कुठे आहे ते विचारून घ्या. आणि वादळात वारा एकाएकी थांबला, आभाळ उघडलं, तर कृपा करून बाहेर पडू नका. तो वादळाचा डोळा, म्हणजे त्याच्या मधोमधचा शांत भाग, असू शकतो, आणि थोड्याच वेळात वारा उलट दिशेने तेवढ्याच जोराने येतो.