मीटिंग संपली, लॉग चालूच: मीटबॉट आणि चॅनेललॉगर

ओपन सोर्स प्रकल्पाची आयआरसी या जुन्या, फक्त मजकुराच्या चॅट व्यवस्थेवरची साप्ताहिक मीटिंग संपते. ज्याने ती चालवली तो #एंडमीटिंग टाइप करतो, बॉट (तिथे बसलेला स्वयंचलित प्रोग्रॅम) वेळ नोंदवतो आणि मिनिट्सच्या, म्हणजे इतिवृत्ताच्या, लिंका चॅनेलवर (चॅट रूमवर) टाकतो. मग लोक सैलावतात. कुणाच्या पॅचमध्ये (कोडमधल्या बदलात) काय गोंधळ होता, कोण नोकरी बदलतंय, रिलीज खरंच वेळेवर होणार का, असं मोकळं बोलणं सुरू होतं. बॉटनेच ‘मीटिंग संपली’ म्हटलंय, म्हणजे आता नोंद होत नाही, असं सगळे धरून चालतात. पुष्कळ चॅनेलवर ती होत असते, आणि पुढे ते बोलणं वेबवर कुणालाही वाचता येतं.

हा घोळ होतो कारण ‘बॉट लॉग करतो’ असं म्हणताना आपण दोन वेगळी कामं एकात कोंबतो. एक काम मीटबॉटचं, दुसरं चॅनेललॉगरचं. दोन्ही सुपीबॉट या पायथनमध्ये लिहिलेल्या बॉटचे प्लगिन (जोडता येणारे भाग) आहेत, आणि सुपीबॉटपासून निघालेल्या लिमनोरियातही ते चालतात. एकाच बॉटमध्ये, एकाच निकखाली (चॅटमधल्या टोपणनावाखाली) दोन्ही बसवता येत असल्यामुळे चॅनेलवर बसलेल्या माणसाला फरक दिसत नाही. सोसायटीच्या भाषेत सांगायचं तर मीटबॉट म्हणजे सभेचं इतिवृत्त लिहिणारे सेक्रेटरी आणि चॅनेललॉगर म्हणजे गेटवरचा सीसीटीव्ही. सेक्रेटरींनी वही मिटली म्हणून कॅमेरा बंद पडत नाही.

ओपनस्टॅक या क्लाउड सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या नोंदी पाहिल्या की हे लगेच कळतं. सर्व्हर एकच, पण फोल्डर दोन: ‘मीटिंग्ज’ आणि ‘आयआरसीलॉग्ज’. पहिल्यात प्रत्येक मीटिंगच्या वेगळ्या फाइली, दुसऱ्यात चॅनेलवार आणि तारखेवार सगळं बोलणं. मीटिंगमधलं वाक्य दोन्हीकडे सापडतं, मीटिंगनंतरचं फक्त दुसऱ्यात. मे २०२१च्या अखेरीस हा प्रकल्प फ्रीनोड हे आयआरसी नेटवर्क सोडून ओएफटीसी या दुसऱ्या नेटवर्कवर गेला, तरी ही विभागणी कायम राहिली. उबुंटूने ही दोन कामं दोन वेगळ्या निककडे दिली होती, मीटिंगॉलॉजी आणि उबुंटुलॉग. मला ही पद्धत जास्त प्रामाणिक वाटते. निदान चॅनेलमधली नावं पाहून कोण काय लिहून घेतंय याचा अंदाज येतो.

आता मीटबॉट जरा जवळून पाहू. रिचर्ड डार्स्ट यांनी लिहिलेला हा प्लगिन डेबियन, फेडोरा, ओपनस्टॅक अशा मोठ्या प्रकल्पांत रुळला. त्याचा सगळा कारभार चॅटमधूनच चालतो, आणि तोही सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. (कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन स्पेलिंग.) #स्टार्टमीटिंग टाइप करणारा आपोआप मीटिंगचा अध्यक्ष होतो. त्यासाठी बॉटकडे नाव नोंदवावं लागत नाही. #चेअर देऊन तो आणखी कुणाला सहअध्यक्ष करू शकतो. #टॉपिक आणि #अग्रीड या कमांड अध्यक्षांच्या हातात असतात, पण #इन्फो, #आयडिया, #लिंक आणि #ॲक्शन कुणीही देऊ शकतं.

यातली #ॲक्शन सगळ्यात कामाची, आणि तिच्यात एक मेख आहे. समजा तुम्ही लिहिलं, ‘#ॲक्शन मीरा शुक्रवारपर्यंत टेस्ट दुरुस्त करेल’. मिनिट्समध्ये ‘कुणाकडे काय काम’ अशी एक यादी असते, तिथे हे काम मीराच्या नावाखाली जायला हवं. पण मीरा त्या मीटिंगमध्ये एकदाही बोललेली नसेल तर बॉटला तो निक ओळखीचा नसतो, आणि काम कुणालाच न दिलेल्यांच्या यादीत जाऊन पडतं. त्यावर उपाय आहे #निक ही कमांड: आधी ‘#निक मीरा’ द्यायचं, मग काम नेमायचं. चुकीची नोंद झाली तर अध्यक्षाने #अनडू द्यावं. मात्र #अनडूने फक्त मिनिट्समधला मुद्दा जातो. मीटिंगच्या संपूर्ण लॉगमध्ये मूळ वाक्य आणि #अनडू, दोन्ही जागच्या जागी दिसतात.

#एंडमीटिंग विसरलात तर मीटिंग उघडीच राहते. पुढचं सगळं बोलणं त्याच मीटिंगच्या नोंदीत जमा होतं, आणि त्या चॅनेलवर दुसऱ्या कुणी #स्टार्टमीटिंग दिलं तर आधीची मीटिंग चालू आहे म्हणून बॉट नकार देतो. लांबलेल्या मीटिंगमध्ये मधूनमधून #सेव्ह देणं शहाणपणाचं, कारण मिनिट्स एरवी शेवटी तयार होतात.

चॅनेललॉगरचं वागणं याच्या अगदी उलट. त्याला स्वतःची एकही कमांड नाही. सुरू झाल्याचं तो चॅनेलवर सांगत नाही, थांबल्याचंही नाही. आणि मूळ सेटिंग ‘चालू’ असल्यामुळे, प्लगिन लोड केला की बॉट जिथे जिथे बसलाय त्या सगळ्या चॅनेलची नोंद सुरू होते. त्याला आवरायचं तर बॉटच्या कॉन्फिग कमांडमधून जावं लागतं. चॅनेलवर ‘@कॉन्फिग चॅनेल प्लगिन्स.चॅनेललॉगर.एनेबल’ असं लिहून पुढे ऑन किंवा ऑफ द्यायचं. सुरुवातीचं चिन्ह बॉटगणिक वेगळं असतं. मूल्य न देता तीच ओळ लिहिली तर बॉट सध्याची स्थिती सांगतो.

त्या ओळीतला ‘चॅनेल’ हा शब्द गाळू नका. तो असेल तर बदल त्या चॅनेलपुरता राहतो. तो गाळला तर सगळ्या चॅनेलचं मूळ सेटिंग बदलतं, म्हणजे ज्या चॅनेलने स्वतःचं वेगळं मूल्य ठेवलेलं नाही अशा प्रत्येकाचं. एका चॅनेलचा लॉग बंद करायला गेलेला बॉटमालक भलत्याच टीमचा लॉग बंद करून बसतो तो इथे.

ही कमांड चालवायची परवानगी हाही नव्या माणसाला चकवणारा प्रकार. आयआरसीवर तुमच्या निकआधी ऑपचं (चॅनेल सांभाळणाऱ्याचं) चिन्ह असलं तरी बॉटच्या लेखी तुम्ही ऑप ठरत नाही. बॉटची माणसांची यादी वेगळी, परवानग्या वेगळ्या. बॉटला खासगी मेसेजने रजिस्टर करायचं, मग आयडेंटिफाय करायचं, आणि बॉटमालकाने त्या चॅनेलची ऑप परवानगी दिली की मगच एनेबल बदलता येतं. म्हणजे मीटिंगची नोंद कुणीही सुरू करू शकतं, पण कायमच्या लॉगचं बटण मोजक्या लोकांच्या हातात असतं. ज्यांचं बोलणं नोंदलं जातंय त्यांच्या हातात ते बहुधा नसतंच, आणि म्हणूनच त्यांना निदान कल्पना द्यायला हवी असं मला वाटतं.

सामान्य सदस्यासाठी चॅनेललॉगरने एक सोय ठेवली आहे. वाक्याच्या सुरुवातीला ‘[नोलॉग]’ लिहिलं की मजकूर फाइलमध्ये जात नाही. त्याच्या जागी ‘हा मेसेज लॉग केलेला नाही’ अशा अर्थाची ठरीव ओळ येते. पण ती येते तुमच्या निकसह, आणि टाइमस्टँप चालू असेल तर वेळेसह. तुम्ही नेमकं त्या क्षणी काहीतरी आडपडद्याने बोललात हे वाचणाऱ्याला दिसतंच. शिवाय चॅनेलवरच्या इतरांच्या क्लायंटमध्ये (चॅटच्या प्रोग्रॅममध्ये) तुमचं वाक्य जसंच्या तसं राहतं. आणि हा उपसर्ग चॅनेललॉगरचा आहे. त्याच चॅनेलवरचा दुसरा बॉट तो मानेलच असं धरू नका.

लॉग ऑफ केल्यावर आधीचं पुसलं जात नाही. चॅटमधून फाइलमधली जुनी ओळ काढायची कमांड नाही, त्यासाठी सर्व्हरवर हात असलेला माणूसच गाठावा लागतो. सेटिंगमधला बदलही लगेच डिस्कवर लिहिला जात नाही, बॉट तो ठरावीक अंतराने लिहितो. त्याआधी बॉट अचानक मेला तर परत उठताना तो जुनंच सेटिंग घेऊन उठतो. म्हणून ऑफ केल्याबरोबर मालकाकडून ‘फ्लश’ ही कमांड चालवून घ्या. तिने कॉन्फिग आणि लॉग दोन्ही डिस्कवर उतरतात.

भारतातून वाचणाऱ्यांनी वेळेकडे लक्ष ठेवावं. या बॉटचे सर्व्हर बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालतात. तिथली १५:०० वाजताची मीटिंग आपल्याकडे रात्री साडेआठला असते, आणि तारीख आपल्या पहाटे साडेपाचला पालटते. पुण्यात रात्री दोनला झालेलं बोलणं आदल्या दिवसाच्या फाइलमध्ये शोधावं लागतं. ज्यांची मीटिंग झोपेच्या वेळी येते त्यांना सतत चालणारा लॉग हा मोठाच आधार असतो. मिनिट्समध्ये फक्त निर्णय दिसतो, तो कसा झाला हे लॉगमध्येच सापडतं. त्यामुळे ‘लॉग बंदच करा’ असं माझं मुळीच म्हणणं नाही.

मात्र लॉग चालू असल्याचं सांगितलं गेलं पाहिजे. फ्रीनोडच्या मार्गदर्शक सूचनांत तसं स्पष्ट होतं: लॉग सतत प्रसिद्ध करत असाल तर चॅनेलच्या टॉपिकमध्ये (माथ्यावर दिसणाऱ्या ओळीत) तसं लिहा, आणि लॉगबाहेर बोलायची काही सोय ठेवा. यात मीटबॉटमुळे एक अडचण येते. #टॉपिक दिलं की, बॉटला अधिकार असेल तर, तो चॅनेलचा टॉपिकच बदलतो आणि जुना टॉपिक #एंडमीटिंगनंतर परत आणतो. म्हणजे मीटिंग ऐन भरात असताना आत आलेल्या नव्या माणसाला लॉगची सूचना दिसतच नाही. लिबेरा या आयआरसी नेटवर्कवर याला सोपा पर्याय आहे. चॅनसर्व्ह या चॅनेल सांभाळणाऱ्या सेवेच्या ‘एंट्रीमेसेज’ (ENTRYMSG) सेटिंगमध्ये लॉगची सूचना आणि लॉगची लिंक टाकून ठेवायची. ती चॅनेलवर येणाऱ्याला आत शिरताक्षणी मिळते, टॉपिकमध्ये तेव्हा काहीही असो.