मातृदुग्ध-साहाय्य (अकाली बालकांसाठी)

गर्भारपणाचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेले बाळ रुग्णालयात असताना त्याच्या आईला दूध उतरावे, ते टिकावे आणि बाळाच्या पोटी जावे यासाठी केली जाणारी मदत. पुण्यात अशा बाळाविषयी ‘बाळ काचेत (काचेच्या उबदार पेटीत) आहे’ असे म्हणतात. सुमारे ३४ आठवड्यांपूर्वी चोखणे, गिळणे व श्वास घेणे यांचा मेळ बाळाला साधत नाही. म्हणून पिळून काढलेले दूध प्रथम नळीने जठरात सोडतात, पुढे वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजतात.

पहिले दूध केव्हा द्यावे हा वाद जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात स्त्रीला तीन-चार रात्रींनंतर दूध येते असे म्हटले असून तोवर बाळासाठी मध-तुपाची योजना आहे. चरकसंहितेत मध-तूप चाटवल्यावर उजवा स्तन द्यावा असा क्रम येतो. दोन्ही ग्रंथांवर संस्करणांचे थर चढले आहेत. आजची रूपे साधारणतः इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत घडली असावीत, त्यामुळे कोणते मत आधीचे हे त्यांवरून ठरवणे अवघड आहे. सुश्रुताचे निरीक्षण चुकीचे नाही. वार पडल्यावर प्रोजेस्टेरॉन हे गर्भारपणातील संप्रेरक उतरते आणि भरपूर दूध साधारण ३० ते ७२ तासांत दाटते. पण त्याआधी स्तन रिकामे नसतात, त्यांत चीक असतो. या दृष्टीने चरकाचा क्रम अधिक ग्राह्य वाटतो, मात्र मधाचा भाग सोडून. वर्षाखालच्या बाळाला मध देणे धोक्याचे असते.

‘पान्हा’ हा शब्द संस्कृत ‘प्रस्नव’ (झरणे) यावरून आला असे बहुधा मानतात. दूध तयार होणे आणि पान्हा फुटणे या वेगळ्या क्रिया आहेत, हे मराठीने फार पूर्वीच ओळखलेले दिसते; गाय पान्हा चोरते म्हणजे तिचे दूध आटलेले नसते. दूध प्रोलॅक्टिन या संप्रेरकामुळे तयार होते, पान्हा ऑक्सिटोसिन या दुसऱ्या संप्रेरकामुळे सुटतो. वेदना, धास्ती आणि ताटातूट त्याला अडवतात. बाळाचा स्पर्श, वास, नुसते दर्शनही त्याला वाट देते. म्हणून आईला काचेपाशी बसू देणे हा उपचारच होय. भेटीच्या ठरावीक वेळा दाखवून तिला दाराबाहेर थांबवणे आणि मग ‘दूध कमी आहे’ असा शेरा लिहिणे हा तिच्यावर अन्याय आहे. बाळाला आईच्या छातीशी उघड्या त्वचेला लावून ठेवण्याची कांगारू पद्धत कोलंबियातील बोगोटा येथे १९७८च्या सुमारास सुरू झाली.

प्रसूतीनंतर पहिल्या काही तासांतच दूध पिळायला घेतात. अंगठा व तर्जनी स्तनमंडलाच्या (स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या) कडेला ठेवून आधी छातीकडे दाबतात, मग एकमेकांकडे. बोटे त्वचेवरून घासत नाहीत. दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पिळावे लागते, रात्रीची खेप न चुकवता. पहिल्या दिवशी वाटीच्या तळाशी जेमतेम पिवळसर थेंब जमतात. आईला ते पाहून रडू येते. पण सिस्टर तेच थेंब सिरिंजमध्ये ओढून घेतात आणि बाळाच्या गालांना आतून लावतात. अगदी लहान बाळांना सुरुवातीला एका वेळी एक-दोन मिलिलिटरच दूध देतात. आईच्या दुधाने आतड्याच्या जीवघेण्या दाहाचा धोका कमी होतो. अळीव, डिंकाचे लाडू, शतावरी यांनी दूध वाढते याचा पुरावा तोकडा आहे.

आईचे दूध पुरत नसेल तर दात्या मातांचे दूध देतात. पहिली दुग्धपेढी १९०९ मध्ये व्हिएन्नात, तर भारतातील पहिली १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली; पुण्यात ससून सर्वोपचार रुग्णालयात व दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात अशा पेढ्या आहेत. दात्या मातेची रक्ततपासणी होते, दूध ६२.५ अंश सेल्सियसला ३० मिनिटे तापवून उणे २० अंशांना गोठवतात. या तापवण्यात लायपेज (स्निग्धांश पचवणारे विकर) व काही प्रतिपिंडे नष्ट होतात, म्हणून आईच्या स्वतःच्या दुधाला पहिला मान. केंद्र सरकारने २०१७ मध्ये सरकारी रुग्णालयांतील स्तन्य व्यवस्थापन केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. मानवी दुधाच्या विक्रीला कायद्याची मुभा नाही, हे अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२४ मध्ये पुन्हा बजावले.

पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या रिवाजामुळे पुणे जिल्ह्यात एक अडचण उद्भवते. आईला घरी सोडल्यावर ती जुन्नर, भोर किंवा दौंडकडे माहेरी जाते आणि बाळ शहरात राहते. मग तिचा भाऊ किंवा नवरा बर्फाच्या डब्यातून दूध घेऊन एसटीने येतो. खोलीच्या तापमानाला दूध साधारण ४ तास टिकते. एप्रिल-मेमध्ये त्याहून कमीच धरावे. बाटलीवर आईचे नाव, तारीख आणि पिळल्याची वेळ लिहितात. आधीची बाटली आधी वापरतात. मात्र आई स्वतः आली असेल तर तिचे ताजे दूधच पहिल्यांदा पाजतात.