सिस्टेमॅटिक रिव्ह्यू आणि संशोधनाचे निर्णय

सिस्टेमॅटिक रिव्ह्यू (मराठीत पद्धतशीर आढावा, पण बोलताना असं कोणी म्हणत नाही) म्हणजे एका प्रश्नावर आजवर झालेले सगळे अभ्यास आधी ठरवलेल्या नियमांनी शोधून, पारखून एकत्र मांडणं. साध्या लिटरेचर रिव्ह्यूत लेखक सोयीचे पेपर उचलू शकतो, इथे मात्र कुठे काय शब्द टाकून शोधलं, कुठला पेपर का गाळला याचा हिशोब द्यावा लागतो. पेपर सहसा दोघं जण वेगवेगळे बसून निवडतात, एकमत नाही झालं तर तिसऱ्याला विचारतात. आकडे एकत्र करण्यासारखे असतील तर मेटा-अ‍ॅनालिसिस (सगळ्या अभ्यासांचे आकडे गणिताने एकत्र करून एकच निकाल काढणं) करावं, नसतील तर करू नये, तरी लोक करतातच.

याचा खरा उपयोग नवा अभ्यास सुरू करायच्या आधी असतो, कारण उत्तर आधीच मिळालेलं असेल तर पुन्हा ट्रायल कशाला? हार्ट अटॅकमध्ये रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या स्ट्रेप्टोकायनेजचंच बघा, १९५९ ते १९८८ मध्ये त्याच्या ३३ ट्रायल झाल्या, आणि १९९२ मध्ये त्या तारखेच्या क्रमाने एकेक करून बेरजेत धरत गेल्यावर दिसलं की १९७३ मध्येच, ८ ट्रायल आणि २,४३२ पेशंटनंतर, मृत्यू कमी होतात हे स्पष्ट झालं होतं. पुढच्या २५ ट्रायलमध्ये आणखी ३४,५४२ पेशंट घेतले गेले, आणि त्यातल्या कंट्रोल गटाला (तुलनेसाठी ठेवलेल्या पेशंटना) हे औषध मिळालंच नाही. बेरीज वेळेवर झालीच नव्हती.

वैद्यकात कॉक्रेन ही संस्था १९९३ पासून असे रिव्ह्यू करण्याचं काम करतेय, शिक्षण, गुन्हेगारी, समाजकल्याण यांसाठी कॅम्पबेल ही संस्था २००० पासून, पर्यावरण आणि सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगमध्येही पद्धत रुळलीय. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मात्र उशीर झाला. स्ट्रोकवरचं निमोडिपिन हे औषध माणसांवर तपासून झालं, उपयोग दिसला नाही, आणि त्यानंतर कोणीतरी प्राण्यांवरचे अभ्यास नीट गोळा केले तर तिथलाही पुरावा पटण्यासारखा नव्हता, म्हणजे क्रमच उलटा.

अडचणी आहेतच. रिव्ह्यूला वर्ष-दीड वर्ष सहज जातं, तोवर नवे पेपर येतात, शिवाय निगेटिव्ह निकाल छापलेच गेले नसतील तर गोळा काय करणार. आणि ‘अजून संशोधनाची गरज आहे’ एवढंच लिहून हात झटकलेले रिव्ह्यूही भरपूर, कुठलं संशोधन, कोणावर, किती जणांवर ते नाहीच. गंमत म्हणजे एकाच विषयावर तेच ते रिव्ह्यू पुन्हा पुन्हा होऊ लागले, म्हणून आरोग्याच्या विषयांसाठी २०११ पासून प्रॉस्पेरो नावाची नोंदवही आहे, रिव्ह्यू सुरू करायच्या आधी तिथेही बघावं लागतं.