भारनियमनाची पार्श्वभूमी : पाणी, कोळसा, वायू आणि ऊन

२००५ ते २०१२ या काळात महाराष्ट्राच्या खेड्यात राहिलेल्या माणसाला घड्याळ पाहायची गरज नव्हती. पंखा बंद पडला की सकाळची लाइन गेली, चक्कीपुढे डब्यांची रांग लागली की लाइन यायची वेळ झाली. भारनियमनाचे वेळापत्रक वर्तमानपत्रात छापून यायचे, किराणा दुकानाच्या भिंतीवर चिकटवलेले असायचे आणि दर काही आठवड्यांनी बदलायचे. बोलताना मात्र ‘भारनियमन’ कुणी म्हणत नसे, ‘लोडशेडिंग’ हाच मराठी शब्द झाला होता.

ज्या राज्यात देशातली काही सर्वात जुनी मोठी जलविद्युत केंद्रे आहेत, कोयना आहे, चंद्रपूरच्या खाणी आहेत आणि देशातले पहिले अणुवीज केंद्र आहे, त्या राज्यावर ही वेळ कशी आली? त्यासाठी थोडे मागे जावे लागते, म्हणजे थेट खोपोलीपर्यंत.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या कापड गिरण्या दगडी कोळशावर आणि वाफेवर चालत. कोळसा बाहेरून येई, महाग पडे आणि धुराने शहर काळवंडे. दुसरीकडे, घाटमाथ्यावर चार महिन्यांत शेकडो इंच पाऊस कोसळतो आणि त्याच्याच पायथ्याशी, पाचशे मीटरहून अधिक खाली, कोकण आहे. सह्याद्रीची ही पायरी म्हणजेच ऊर्जा, ही कल्पना जमशेटजी टाटांनी उचलून धरली. १९०४ मध्ये ते गेले, १९१० मध्ये कंपनी उभी राहिली आणि १९१५ मध्ये खोपोलीचे वीजगृह सुरू झाले. लोणावळा, वळवण आणि शिरवता ही तीन तळी त्यासाठीच बांधली. पावसाळ्यात वळवणच्या भिंतीवर भजी खाणाऱ्या पर्यटकांना आपण गिरण्यांच्या टाकीवर उभे आहोत याची कल्पना क्वचितच असते. पुढे १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा आले.

भिऱ्यासाठी मुळशीचे खोरे बुडणार होते. १९२१ साली तिथल्या मावळ्यांनी जो सत्याग्रह सुरू केला, त्याचे नेतृत्व पुढे पांडुरंग महादेव बापट यांच्याकडे आले आणि ‘सेनापती’ ही पदवी त्यांना याच लढ्याने दिली. धरण थांबले नाही. पण महाराष्ट्रातल्या प्रत्येक वीजप्रकल्पाला चिकटलेला प्रश्न तिथेच पहिल्यांदा विचारला गेला : जमीन आमची, पाणी आमचे, मग दिवे कुणाचे? मुळशीची वीज मुंबईला गेली. शिवाय हे पाणी मुळात भीमेच्या खोऱ्यातले, पूर्वेकडे सोलापूरच्या दिशेने जाणारे. ते पश्चिमेला वळवल्याची तक्रार आजही दुष्काळाच्या वर्षी नव्याने होते.

स्वातंत्र्यानंतर हीच युक्ती सरकारने फार मोठ्या प्रमाणावर वापरली. कोयनेचे पाणी हेळवाकजवळ १०३ मीटर उंच धरणाने अडवले, डोंगरातून बोगद्याने पश्चिमेला नेले आणि पोफळीच्या भूमिगत वीजगृहात सोडले. पहिला टप्पा १९६२ मध्ये सुरू झाला, राज्य स्थापन होऊन दोनच वर्षे झाली होती. राज्य वीज मंडळही १९६० चेच. त्या पिढीच्या मनात महाराष्ट्र आणि कोयना ही जुळी भावंडे आहेत ती यामुळे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला, सुमारे १८० माणसे गेली आणि धरणाला तडे गेले. धरण दुरुस्त करून बळकट केले, वीजगृह पुन्हा चालू झाले. धरणाखाली गावे गेलेल्यांचे पुनर्वसन मात्र इतके सहज झाले नाही, त्यांची नातवंडे अजून मोर्चे काढतात.

कोयनेची खरी किंमत तिच्या १,९६० मेगावॉटपेक्षा तिच्या चपळाईत आहे. औष्णिक संच थंड पडला तर पुन्हा पेटवून पूर्ण भारावर यायला तासन्‌तास लागतात, पाण्याचा संच काही मिनिटांत फिरू लागतो. म्हणून संध्याकाळी सात वाजता राज्यभर दिवे आणि टीव्ही एकदम लागतात तेव्हा भार सांभाळायला कोयनाच धावते. पण तिलाही मोजून पाणी मिळते. कृष्णा पाणीवाटप लवादाने वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) मर्यादा घातली. १ जूनला नवा हिशेब सुरू होतो आणि एप्रिल-मेमध्ये, नेमकी मागणी चढलेली असताना, कोटा संपत आलेला असतो. १९९९ मध्ये जलाशयाच्या तळाला खालून छिद्र पाडून, म्हणजे लेक टॅपिंग करून, चौथ्या टप्प्याला पाणी दिले. अभियांत्रिकी म्हणून ते थक्क करणारे काम होते. त्याने संध्याकाळी देता येणारी ताकद वाढली, वर्षाचे पाणी मात्र तेवढेच राहिले.

पाण्याची ही मर्यादा दिसू लागल्यावर भिस्त कोळशावर गेली. परळी, कोराडी, भुसावळ, नाशिकजवळचे एकलहरे आणि सर्वात मोठे चंद्रपूर. चंद्रपूरचा पहिला संच १९८० च्या दशकाच्या सुरुवातीचा आणि सातवा १९९७ चा, मिळून २,३४० मेगावॉट. विदर्भात कोळसा होता आणि तिथे केंद्रे उभी करणे हा सरळ हिशेब होता. कोळशाची धूळ आणि राख चंद्रपूरने घेतली, वीज शेकडो किलोमीटरच्या तारांवरून पश्चिमेला गेली. विदर्भाच्या अनुशेषाच्या चर्चेत हा मुद्दा निघाला नाही अशी सभा झाली नसेल.

कोळशालाही पाणी लागते, हे परळीने शिकवले. मराठवाड्यातल्या या केंद्राला खाणीही लांब आणि पाणीही गोदावरीवरच्या बंधाऱ्यातून. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी केंद्र बंद ठेवावे लागले आणि २०१५ मध्ये तीच वेळ पुन्हा आली. वाफेचे केंद्र कुठे बांधायचे हे राजकारणात ठरवता येते. पाऊस मात्र कुणाच्या मतदारसंघाकडे बघून पडत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. चंद्रपूरचा सातवा संच १९९७ चा. त्यानंतर खापरखेड्याचे २१० मेगावॉटचे दोन संच सोडले, तर परळी आणि पारसच्या नव्या संचांसाठी २००७ उजाडावे लागले. त्या दहा वर्षांत गावोगाव पंप वाढले, शहरांत एसी आले, पुणे-नाशिक-औरंगाबादचे कारखाने वाढले. निर्मिती मात्र जवळजवळ तिथेच राहिली. कारण ती उणीव भरून काढायला दाभोळचा वायूवर चालणारा मोठा प्रकल्प येणार होता.

दाभोळच्या कहाणीत राजकीय नाट्य इतके आहे की वीज बाजूला राहते. थोडक्यात असे : १९९२ मध्ये एन्रॉन या अमेरिकी कंपनीशी प्राथमिक करार झाला, १९९३ मध्ये वीजखरेदीचा. जागतिक बँकेने त्याच वर्षी हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या व्यवहार्य नाही म्हणून पैसे द्यायला नकार दिला होता. १९९५ मध्ये सत्ताबदलानंतर करार रद्द झाला, पुन्हा वाटाघाटी झाल्या आणि प्रकल्प आधीपेक्षा मोठा होऊन परत आला. ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला, तोही नाफ्था या खनिज तेलापासूनच्या इंधनावर, कारण द्रवरूप नैसर्गिक वायू उतरवण्याची सोय व्हायची होती. करारातली गोम दोन ठिकाणी होती. इंधनाची किंमत आणि बराचसा आकार, म्हणजे शुल्क, डॉलरमध्ये होते, आणि वीज घ्या अथवा घेऊ नका, क्षमतेचे पैसे मंडळाने द्यायचेच होते. तेल महागले, रुपया घसरला, वीज महाग म्हणून मंडळाने कमी उचलली, आणि कमी उचलली म्हणून प्रत्येक युनिटवरचा स्थिर आकार आणखी वाढला. काही महिने तर दर युनिटमागे सात रुपयांच्या पुढे गेला. २००१ मध्ये खरेदी थांबली, प्रकल्प बंद पडला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात एन्रॉनच अमेरिकेत दिवाळखोर झाली.

दाभोळ प्रकल्पाच्या जागी, अंजनवेलला समुद्राकाठी, तयार केंद्र गंजत उभे आणि राज्यात बारा-बारा तास अंधार, हे दृश्य माझ्या मते महाराष्ट्राच्या ऊर्जा-इतिहासातले सर्वात बोलके आहे. २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नव्या सरकारी कंपनीकडे ते दिले, २००६ पासून संच पुन्हा फिरू लागले. पुढे कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला वायू आटला आणि केंद्र पुन्हा थंडावले. २०१५ मध्ये रेल्वेसाठी त्यातला काही भाग चालू झाला. म्हणजे महाराष्ट्राने वायूवर बेत रचला तेव्हा वायू ना आपल्या जमिनीत होता, ना त्याची किंमत आपल्या हातात.

तूट उघडी पडली तेव्हा ती चार ते पाच हजार मेगावॉटच्या घरात होती. मग अंधार वाटायचा कसा? २००३ च्या वीज कायद्यानुसार २००५ मध्ये मंडळाचे तुकडे होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण झाल्या. नियामक आयोगाने असे तत्त्व मान्य केले की जिथे गळती आणि थकबाकी जास्त, तिथे भारनियमन जास्त. फीडरचे, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वाहिन्यांचे, गट पडले, अ पासून ग पर्यंत. कागदावर हे न्याय्य वाटते. पण आकडे टाकणारा आणि नियमित बिल भरणारा एकाच फीडरवर असले की दोघांनाही सारखाच अंधार. पुण्यात २००६ मध्ये वेगळाच तोडगा निघाला : कारखान्यांनी आपापले जनित्र संच चालवायचे, वाचलेली वीज शहराला द्यायची आणि जास्तीचा खर्च शहरी ग्राहकांनी बिलातून भरायचा. पुणे उजळले. शेजारचे तालुके मात्र तसेच राहिले.

खेड्यात मुख्य प्रश्न पंपाचा होता. संध्याकाळी सर्वाधिक मागणीच्या वेळी पंप बंद राहावेत म्हणून थ्री-फेज पुरवठा तोडून गावाला फक्त दिव्यांपुरती सिंगल फेज द्यायची, असे ठरले. शेतकऱ्यांनी कंडेन्सर बसवून त्यावरही मोटर फिरवली. डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, जळाली की आठ-दहा दिवस शिवार कोरडे. मग शासनाने पैसे घालून गावठाणाचा फीडर आणि शेतीचा फीडर वेगळा करायला घेतला. गावात दिवा राहील, शेताला ठरलेल्या पाळीतच वीज मिळेल. ही पाळी म्हणजे एक आठवडा दिवसा आठ तास, एक आठवडा रात्री दहा तास. रात्रीच्या आठवड्यात एक वाजता उठायचे, एका हातात बॅटरी, दुसऱ्यात फावडे, पायात गमबूट असले तर नशीब, आणि उसात दारे धरायला उतरायचे. घोणस दिसत नाही, जुन्नर-संगमनेरकडे बिबट्या दिसतो. स्टार्टरला ऑटो लावून घरी झोपणारेही होते. लाइन आल्यावर मोटर आपोआप चालू होई आणि पाणी कुणाच्या बांधातून कुठे गेले ते सकाळी कळे.

२०१२ च्या अखेरीस कमी गळतीच्या भागांतले भारनियमन संपले. त्यामागे नव्या धोरणाइतकाच नव्या केंद्रांचा हात होता : जयगड, तिरोडा, नंतर कोराडीचे ६६० मेगावॉटचे संच. थोड्याच वर्षांत उलटी तक्रार सुरू झाली, की करार केलेली वीज जास्त झाली आणि न वापरलेल्या संचांचा स्थिर आकार बिलात येतो. दाभोळचा धडा इतका पक्का शिकूनही! एप्रिल २०२२ मध्ये कोळशाचे साठे खाली गेले आणि उन्हाळा लवकर तापला, तेव्हा लोडशेडिंग हा शब्द काही दिवस पुन्हा ऐकू आला.

सौर ऊर्जेचा आजचा बेत समजून घ्यायचा तर ते वेगळे काढलेले फीडर आठवावे लागतात. शेतीचा फीडर स्वतंत्र आहे म्हणूनच उपकेंद्राजवळ काही मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारून त्या फीडरला थेट दिवसा वीज देता येते. अंधार वाटण्यासाठी ओढलेल्या तारा ऊन वाटायला कामी आल्या. २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली, राळेगणसिद्धीचा प्रकल्प तिच्या पहिल्या प्रयोगांतला. २०२३ च्या दुसऱ्या आवृत्तीत भाडेपट्ट्याने जमीन देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि त्यात दरवर्षी वाढ, असे ठरले. कोरडवाहू माळाच्या मालकाला हा आकडा बरा वाटतो. गायरानावर पॅनल उभे राहते तिथे मात्र शेळ्या-मेंढ्या चारणाऱ्याला भाडे मिळत नाही आणि काही गावांनी त्यावरून विरोधही केला. मुळशीचा प्रश्न लहान आकारात परत आला आहे, एवढेच.

पंपाला ऊन चालते, कारण पाणी दिवसा दिले तर पिकाची तक्रार नसते. शहराला ते चालत नाही. संध्याकाळी सात वाजता ऊन गेलेले असते आणि मागणी चढलेली. म्हणून आता नजर पुन्हा घाटाकडे आहे. घाटघरला २००८ पासून २५० मेगावॉटचे उदंचन केंद्र आहे : वीज स्वस्त असेल तेव्हा खालच्या तळ्यातले पाणी वर चढवायचे, महाग असेल तेव्हा खाली सोडायचे. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य सरकार आणि टाटा पॉवर यांच्यात अशाच दोन मोठ्या प्रकल्पांचा सामंजस्य करार झाला. जागा शिरवता आणि भिवपुरी, क्षमता १,८०० आणि १,००० मेगावॉट. शिरवत्याचे पाणी शंभर वर्षांपूर्वी गिरण्यांसाठी घाट उतरायला लागले. नव्या बेतात ते दुपारी उन्हाच्या विजेवर घाट चढेल आणि संध्याकाळी पुन्हा उतरेल.