‘बिगरलष्करी’ हल्ला : एका शब्दाची पार्श्वभूमी

२०१९ च्या बालाकोट हल्ल्याला सरकारने ‘बिगरलष्करी’ म्हटलं. तो शब्द का आला, हे कळायला थोडं मागे जावं लागतं. सीमेपलीकडच्या अतिरेक्यांना उत्तर कसं द्यायचं, हा वाद पुण्यात निघाला की गाडी १३ फेब्रुवारी २०१० वर येतेच. कोरेगाव पार्कातल्या जर्मन बेकरीत शनिवारी संध्याकाळी स्फोट झाला, १७ जण गेले. भारत-पाकिस्तान परराष्ट्र सचिवांच्या भेटीची तारीख आदल्याच दिवशी पक्की झाली होती : २५ फेब्रुवारी. ती रद्द करा, अशी ओरड लगेच झाली. भेट ठरल्या दिवशी दिल्लीत झाली. बोलणी कधी मोडायची हे बॉम्ब ठेवणाऱ्यांना ठरवू द्यायचं का, असा भेट व्हावी म्हणणाऱ्यांचा मुद्दा होता. मुद्दा बिनतोड होता. पण त्या रात्री ससूनच्या दारात उभं राहून तो कुणी मांडला नसता.

मागे कंदाहार होतं. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला निघालेलं विमान पळवून अफगाणिस्तानात कंदाहारला नेलं गेलं आणि आठवड्याने तीन अतिरेकी सोडून प्रवासी परत आणले. सुटलेल्यांपैकी एकाने पुढच्याच वर्षी ‘जैश-ए-महंमद’ ही नवी संघटना काढली. फेब्रुवारी २०१९ मधल्या पुलवाम्याच्या आत्मघाती हल्ल्याची जबाबदारी तिनेच घेतली. संसदेवरच्या हल्ल्यानंतर सैन्य दहा महिने सीमेवर उभं राहिलं आणि परतलं. २००८ च्या मुंबईनंतर विमानं उडाली नाहीत.

ती उडाली २६ फेब्रुवारी २०१९ ला, पाकिस्तानातल्या बालाकोटच्या ‘जैश’च्या तळावर. सरकारी निवेदनात शब्द आले : ‘नॉन-मिलिटरी प्रीएम्प्टिव्ह अ‍ॅक्शन’. मराठीत त्याचं ‘बिगरलष्करी प्रतिबंधात्मक कारवाई’ झालं आणि घोटाळा वाढला. आपल्याकडे प्रतिबंधात्मक कारवाई म्हणजे गणपतीच्या आधी पोलीस रेकॉर्डवरच्या गुंडांवर करतात ती. आणि हवाई दलाच्या विमानांनी बॉम्ब टाकले, तर ते बिगरलष्करी कसं?

शब्द मात्र मोजूनमापून घातलेले होते. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं कलम ५१ स्वसंरक्षणाचा हक्क देतं, तो सशस्त्र हल्ला झाल्यावर. झालेल्या हल्ल्याचा सूड त्यात बसत नाही. म्हणून निवेदनात पुलवाम्याचा बदला नव्हता. नवे आत्मघाती हल्ले होणार असल्याची माहिती होती आणि ते रोखले, असं म्हटलं होतं. ‘बिगरलष्करी’चा रोख समोरच्या लष्करावर होता : तुमच्या छावणीला हात लावलेला नाही, भांडण तुमच्याशी नाही. परत फिरायला वाट ठेवली होती. २०१६ मध्ये नियंत्रण रेषेपलीकडच्या कारवाईची घोषणा गणवेशातल्या अधिकाऱ्याने केली होती. २०१९ मध्ये ती परराष्ट्र सचिवांनी केली, हे सहज झालेलं नाही. ही शब्दयोजना चलाखीची होती आणि माझ्या मते योग्यही. पण समोरचा देश त्या संघटनेला आपली मानत नसल्याचं सोंग करतो, आणि आपणही ते सोंग वापरतो, एवढं तरी कबूल करायला हवं.

वाट ठेवली, तरी दुसऱ्या दिवशी पाकिस्तानची विमानं आलीच. आपला एक वैमानिक पकडला गेला आणि दोन दिवसांनी परत आला. त्याच सकाळी बडगामला आपल्याच क्षेपणास्त्राने आपलं हेलिकॉप्टर पाडलं. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक गावकरी गेला. या सात जणांची आठवण वादात क्वचितच निघते.

२२ एप्रिल २०२५ ला पहलगाममध्ये २६ जणांना मारलं, त्यांत दोघे पुण्याचे. ७ मे रोजी नऊ ठिकाणी हल्ले झाले. निवेदनाचा सूर जुनाच होता : नेमकी, मोजकी कारवाई, पाकिस्तानी लष्कराचं एकही ठिकाण लक्ष्य नाही. या वेळी मात्र सचिवांच्या शेजारी गणवेशातल्या दोन अधिकारी बसल्या होत्या. त्याच दिवशी पूंछमध्ये पाकिस्तानचे तोफगोळे घरांवर पडले, मुलंही गेली. १० मे च्या पहाटेपर्यंत लक्ष्यांच्या यादीत हवाई तळ आले होते आणि संध्याकाळी गोळीबार थांबला. १२ मे रोजी पंतप्रधानांनी देशाला उद्देशून केलेल्या भाषणात जाहीर झालं, की दहशतवाद पोसणारं सरकार आणि दहशतवादाचे सूत्रधार यांना यापुढे वेगळं मानलं जाणार नाही. ‘बिगरलष्करी’ हा शब्द याच फरकावर उभा होता.