क्वेसार बदलतो की नुसता लुकलुकतो?

"काय ओ सर, क्वेसार तासाभरात कमीजास्त होतो म्हणे. मग तिथं सारखे स्फोट होतात काय?" खानापुरात आकाशदर्शनाला बसलं की हा प्रश्न ठरलेलाच. क्वेसार म्हणजे फार दूरच्या दीर्घिकेचं अतिशय तेजस्वी केंद्र. क्वेसारचं स्वतः बदलणं आणि आपल्याला तो लुकलुकताना दिसणं, या दोन वेगळ्या गोष्टी लोकांनी एकाच पोत्यात भरल्यात, आणि मला ते आता ऐकवत नाही.

क्वेसारचा स्वतःचा बदल असा: मधोमध महाकाय कृष्णविवर, त्याजवळून निघणारे झोत, महिन्या-वर्षांनी चढणारं-उतरणारं तेज. ते तिथंच सोडू.

लुकलुकीत मात्र क्वेसारचा हात नाही. आपल्याच आकाशगंगेतल्या विरळ वायूत सुटे इलेक्ट्रॉन असतात, कुठं दाट, कुठं पातळ. त्यांतून येताना रेडिओ लहरी जरा वाकतात. उन्हाच्या वेळी असोग्याला मलप्रभेच्या उथळ पाण्यात उभं राहा आणि तळाकडं बघा. उजेडाची जाळी हलत असते. तोच गोटा आत्ता लख्ख, लगेच अंधूक. सूर्य तर तसाच असतो. आपली दुर्बीण म्हणजे तो गोटा. म्हणून "वायू तेज खातो" हे वाक्य मला इथं अजिबात चालत नाही. पाणी उजेड इकडचा तिकडं नेतं, तसंच वायू लहरींचं करतो, त्यामुळं क्वेसार कधी जास्त उजळही दिसतो.

मग ओळखायचं कसं? सगळे घसरतात ते इथंच. तासाभराचा बदल क्वेसारचाच धरला, तर ढोबळ हिशेबानं उजळणारा भाग प्रकाश तासात कापतो तेवढ्या, म्हणजे 108 कोटी किलोमीटरांत, सूर्य ते शनी अंतराहूनही कमी जागेत, मावायला हवा. एवढ्याशा जागेतून तेवढं तेज निघतं म्हणणं फार जड जातं. जे1819+3845 हा क्वेसार असाच तासांत बदलायचा. अमेरिकेतल्या व्हीएलए आणि नेदरलँड्समधल्या वेस्टरबोर्क या रेडिओ दुर्बिणींनी तो एकाच वेळी पाहिला. 2002 साली निकाल छापून आला: तोच चढउतार दोन्हीकडं पुढंमागं पोचत होता. क्वेसार स्वतः बदलला असता, तर पृथ्वीवर कुठंही सेकंदाच्या विसाव्या भागाहून जास्त फरक पडला नसता, कारण लहरी तेवढ्यात अख्खी पृथ्वी ओलांडतात. इथला फरक त्याहून कितीतरी मोठा होता. म्हणजे जाळीच आपल्यावरून सरकत होती. तिचा वेगही वर्षभरात बदलतो, कारण पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला 30 किलोमीटर धावते, कधी वायूच्या दिशेनं, कधी उलट. आपल्या वर्षाशी क्वेसारचा काय संबंध?

2007 च्या सुमारास या क्वेसारची लुकलुक थांबली. तो आहे तिथंच आहे, समोरचा वायूचा पट्टा सरकला.