सिंचनातील पॉलिमर

लांब साखळीचे, पाण्यात विरघळणारे पॉलिमर (बहुवारिक) सिंचनाच्या पाण्यात अत्यल्प प्रमाणात मिसळून नळातील घर्षण कमी करता येते. तसेच शेतातील मातीचे कण जागच्या जागी धरून ठेवता येतात आणि त्यामुळे पाणी अधिक चांगले मुरते. ही दोन्ही कामे पॉलिअ‍ॅक्रिलअमाइड हा एकच पदार्थ करू शकतो. मात्र त्यांमागची कारणे वेगळी आहेत आणि फायद्याचा हिशेबही वेगवेगळा मांडावा लागतो. तो एकत्र केला की बचतीचे आकडे फुगतात. पाणी शोषून फुगणारी हायड्रोजेल न विरघळता मातीत राहतात, त्यामुळे त्यांचा विचार या नोंदीत केलेला नाही.

घर्षण कमी होण्याचा गुण बी. ए. टॉम्स यांनी 1948 मध्ये मांडला. मोनोक्लोरोबेंझीन या द्रवात पॉलिमिथिल मेथाक्रिलेट किंचित विरघळवले असता संक्षोभी (भोवरे उठवत वाहणाऱ्या) प्रवाहाला नळाचा विरोध लक्षणीय घटतो, असे त्यांना आढळले. यालाच ‘टॉम्स परिणाम’ म्हणतात. नळाच्या भिंतीलगत सतत लहानलहान भोवरे उठतात आणि पंपाने पाण्याला दिलेली बरीचशी ऊर्जा त्यांतच खर्च होते. लक्षावधी रेणुभाराची साखळी या भोवऱ्यांत ताणली जाते आणि त्यांचा जोर मोडते. दर दशलक्ष भाग पाण्यात काही भाग ते वीस-तीस भाग एवढे पॉलिमर त्यासाठी पुरते आणि अनुकूल परिस्थितीत घर्षण 70 ते 80 टक्क्यांपर्यंत घटल्याचे प्रयोगशाळेत दिसते. प्रवाह संथ व स्तरीय असेल, तर मोडायला भोवरेच नसतात; तेथे पॉलिमरचा काही उपयोग होत नाही, उलट पाण्याची श्यानता (दाटपणा) किंचित वाढते.

शेतावर हा आकडा जसाच्या तसा हाती लागत नाही. पंपाच्या फिरत्या पात्यांत या साखळ्या तुटतात, म्हणून द्रावण पंपाच्या पुढे नळात सोडावे लागते. लांब नळात तेथून पुढेही त्या हळूहळू तुटत जातात आणि परिणाम ओसरतो. त्याहून महत्त्वाची मर्यादा उपशाच्या उंचीची आहे. एकूण हेड (पंपाला द्यावा लागणारा दाब, पाण्याच्या उंचीत मोजलेला) 60 मीटर असून त्यांतील 40 मीटर प्रत्यक्ष पाणी वर चढवण्यासाठी आणि 20 मीटर घर्षणासाठी लागत असतील, तर घर्षण निम्मे झाले तरी बचत 10 मीटरचीच, म्हणजे एकूण हेडच्या एक-षष्ठांश होते. पंपसंचाची कार्यक्षमता 65 टक्के धरल्यास 10 मीटर हेड वाचल्याने एक घनमीटर पाण्यामागे सुमारे 0.04 युनिट वीज वाचते. त्यासाठी दशलक्ष भागांत 10 भाग या प्रमाणाने 10 ग्रॅम पॉलिमर खर्ची पडते. ही तुलना प्रत्येक ठिकाणी करून पाहिलीच पाहिजे. केवळ विजेच्या बचतीसाठी पॉलिमर वापरणे बहुधा परवडत नाही. नळ लांब व अरुंद असेल आणि तो न बदलता त्याच पंपाने अधिक पाणी पुढे न्यायचे असेल, तेथे मात्र त्याचे मोल खरोखर मोठे असते.

मातीतील उपयोगाचा पाया अधिक भक्कम आहे. सरीतून पाणी धावू लागले की मातीचे बारीक कण सुटतात, पाणी गढूळ होते आणि तेच कण पुढे छिद्रांत बसून जमिनीचे तोंड बंद करतात. मग पाणी मुरण्याऐवजी सरीच्या टोकाकडून वाहून जाते. ऋणभारित पॉलिअ‍ॅक्रिलअमाइड पाण्यातील कॅल्शियमच्या साहाय्याने हे कण एकमेकांना बांधून ठेवते. पाणी सरीच्या टोकाला पोहोचेपर्यंतच दर घनमीटरला 10 ग्रॅम या प्रमाणात ते दिले, तर सहसा पुरते. अमेरिकेतील आयडाहो राज्यात 1990 च्या दशकात झालेल्या क्षेत्रीय प्रयोगांत या मात्रेने सरीतून वाहून जाणारा गाळ सुमारे 94 टक्क्यांनी घटला आणि पाणी मुरण्याचे प्रमाण सुमारे 15 टक्क्यांनी वाढले. धूप होण्याची भीती उरत नसल्याने सुरुवातीला प्रवाह जोराने सोडता येतो आणि सरीच्या दोन्ही टोकांना ओलावा अधिक सारखा मिळतो. पाण्यात सोडियम जास्त व कॅल्शियम कमी असेल, तर मात्र कणांची बांधणी कच्ची राहते.

तुषार सिंचनात पॉलिमरमुळे थेंब मोठे होतात आणि वाऱ्याने उडून जाणारे पाणी घटते, पण मोठा थेंब उघड्या जमिनीवर जोराने आदळतो हेही ध्यानात घ्यावे लागते. ठिबक संचात गढूळ पाण्यातील कण एकत्र येऊन गाळणी व तोट्या तुंबू शकतात.

द्रावण तयार करताना घाई नडते. भुकटी एकदम पाण्यात ओतली, तर वरून बुळबुळीत आणि आतून कोरड्या अशा गुठळ्या होतात व त्या पुढे सहजी विरघळत नाहीत. म्हणून ढवळत्या पाण्याच्या भोवऱ्यात ती चिमटीचिमटीने भुरभुरावी लागते. सांडलेल्या भुकटीवर पाणी पडताच जमीन अतिशय निसरडी होते. धनभारित प्रकार माशांच्या कल्ल्यांना चिकटून घातक ठरतात, त्यामुळे शेतीत ऋणभारित प्रकारच वापरतात. मूळ घटक अ‍ॅक्रिलअमाइड हा मज्जासंस्थेला अपायकारक असल्याने भुकटीतील त्याचा अवशेष 0.05 टक्क्यांपेक्षा कमी असावा लागतो.